अकराव्या मैलाचं चूप पाणी

तुम्ही न पाहता सही केली, साहेब. चौदा वर्षं झाली त्या सहीला. आणि ज्यानं जाऊन पाहिलं, पाहून तुम्हाला लिहून कळवलं, त्याच्या अर्जावर तुम्ही हिरव्या शाईनं शेरा मारला: ‘सदर मार्ग व्यवहार्य नाही. सबब परवानगी नाकारण्यात येते.’ कोणता मार्ग, कुठून कुठं जातो, हे तुम्हाला खुर्चीतून उठवून विचारलं तर सांगता यायचं नाही. त्या कालव्यावर तुम्ही गेलात ते जीपमधून, आणि तेही डाकबंगल्यातल्या कोंबडीपर्यंत. चंपतराव दिघोरे अनवाणी गेला. तेव्हा कोण व्यवहार्य आणि कोण नाही, हे जरा पहिल्यापासून सांगणं आलं.

चंपतराव तुमच्याच ऑफिसात ट्रेसर आहे, एकतीस वर्षं. इंजिनिअरनं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर झिरझिरीत कापड अंथरायचं आणि काळ्या शाईनं रेघ न रेघ वर उतरवायची, हे त्याचं काम. रेघ सुरू झाली की तो श्वास रोखतो, संपली की सोडतो. कालव्याच्या बत्तीस शीटा त्यानं अशा श्वास रोखून उतरवल्या. पण तुमच्या खात्याची एक रीत आहे. ट्रेसरनं रेघेचा अर्थ विचारायचा नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं एकदा विचारला, तेव्हा तेव्हाचे साहेब म्हणाले, तू हात आहेस, डोकं दुसऱ्या खोलीत बसतं. त्यानंतर त्यानं विचारलं नाही. त्यामुळं झालं असं, की ज्या कालव्याचं वळण न वळण त्याच्या मनगटाला पाठ होतं, तो कालवा पाण्यानं भरलेला त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

जातीनं ढिवर. बाप, आजा कन्हान नदीच्या पाण्यावर जगले. हा चौथीनंतर नागपुरात मावशीकडं आला, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाईला लागला. धड पोहताही येत नाही. त्याच्या बायकोचा, म्हणजे यमुताईचा, थोरला भाऊ नत्थूजी बोरीघाटला राहतो. चाळीस वर्षं त्यानं डोंग्यातून माणसं, बकऱ्या, नवऱ्या, डॉक्टर सगळे नदीच्या या काठावरून त्या काठावर नेले. मग पूल झाला आणि डोंगा मोहाच्या झाडाखाली पालथा पडला. हा नत्थूजी भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं. “ढिवराचं पोट्टं अन् शाईत पोहून राहिलं.”

मागच्या दिवाळीआधी ऑफिसातली जुनी इंग्रजी मासिकं रद्दीत निघाली. त्यात एक चित्र होतं. विलायतेतला कालवा, त्यावर एक लांबुडकी नाव, रुंदीला आपल्या बैलबंडीएवढी आणि लांबीला सत्तर फूट. छपरावर फुलांच्या कुंड्या, दोरीवर कपडे, धुराड्यातून धूर, आणि काठानं एक घोडा नाव ओढतोय. खालचा मजकूर चंपतरावनं डिक्शनरी घेऊन तीन दिवस लावला. पूर्वी या नावांतून कोळसा जायचा, आता सुट्टीत कुटुंबं जातात. कालव्यानं निघायचं, नदीनं परत यायचं, एकच काठ दोनदा पाहायचा नाही.

ते पान तो महाल वस्तीतल्या आपल्या खोलीवर घेऊन आला. यमुताई मासोळ्या साफ करत होती.

“हे कोनाचं घर होय?”

“घर नोहे, नाव होय. लोक सुट्टीत राहतात हिच्यात.”

“अन् घोडं?”

“घोडं ओढते.”

“अन् मानसं?”

“चहा पेतात.”

यमुताईनं हात पुसून चित्र जवळ घेतलं. “बाई तिथंबी धुनंच धुऊन राहिली,” म्हणाली आणि पुन्हा मासोळीला लागली. पुष्कळ वेळानं, मान वर न करता तिनं विचारलं, “अजी, कालवा तं आपल्याइकडंबी आहे ना?”

छत्तीस वर्षांच्या संसारात चंपतरावनं बायकोला रामटेकच्या जत्रेपलीकडं कुठं नेलं नव्हतं. ऑफिसातले लोक काश्मीरला जाऊन आले, बर्फात उभं राहून फोटो काढून आले. यमुताईनं कधी तोंडातून शब्द काढला नाही. आज काढला, तोही कालव्याचा. चंपतरावनं मनात ठरवून टाकलं.

आता पाहा, साहेब, तुमच्या नोकराची नियत. बत्तीस शीटा त्याच्या हाताखाली, कपाटाची किल्ली त्याच्याकडं. त्यानं एक कागद घरी आणला नाही. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून जमिनीवर चिकटवली आणि पहिल्या मैलापासून एकोणिसाव्यापर्यंत सगळा कालवा आठवणीतून उतरवला. पुलांसकट, पाणी सोडायच्या दारांसकट. चार रविवार लागले. शेवटचं पान दाराबाहेर गेलं, तेव्हा शेजारची शामला आपला ओटा झाडता झाडता थांबली आणि कालवा ओलांडून गेली.

वाट अशी होती. बोरीघाटच्या वर बारा मैलांवर नदीला बंधारा आहे. तिथून कालवा निघतो, एकोणीस मैल शेतांमधून जातो, आणि उरलेलं पाणी एका ओढ्यातून बोरीघाटच्या खाली सहा मैलांवर परत नदीला मिळतं. म्हणजे पाण्याचाच गोल. बोरीघाटहून निघायचं आणि बोरीघाटलाच यायचं.

चंपतरावनं नत्थूजीला पत्र टाकून बोलावलं. म्हातारा आला, जमिनीवर उकिडवा बसला आणि बिडी न पेटवता तासभर पाहत राहिला. चंपतरावनं योजना सांगितली. आधी नदीनं खाली, मग ओढ्यातून वर, मग कालव्यानं वर बंधाऱ्यापर्यंत. चित्रातल्यासारखं काठानं जनावर ओढेल. घोड्याऐवजी बैल.

“कालव्यात पानी किती जोरानं वाहते?”

“सेकंदाले अडीच फूट.”

“मले सेकंद नोको सांगू. चालून दाखव.”

चंपतराव घड्याळ घेऊन गल्लीत गेला आणि मोजून पावलं टाकत परत आला. नत्थूजी दारातून बघत होता.

“हे तं बाई डोक्शावर पान्याचे दोन गुंड घेऊन चालते तितकं झालं,” तो म्हणाला. “दिवसभर हे अंगावर घेऊन बैल वर जाईन? दुपारी पान्यात बसन तो. विलायतचं पानी झोपलं असन, आपलं नाही. उलटं कर, जवाई. नदीनं वर चढू, कालव्यानं उतरू.”

“नदीलेबी तं धार आहे.”

“हिवाळ्यात नदीले धार नाही, डोह आहेत. डोहात बांबू, उथळात खांदा. बारा मैलांत सतरा डोह. नावं सांगू?”

आणि त्यानं सांगितली. हंड्याचा, बामनीचा, रांडवीचा, दोन भावांचा. कुठं तळ खडकाचा, कुठं गाळ, कुठं बांबू रुतला तर सोडून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. चंपतराव पेन्सिल घेऊन लिहीत सुटला. एकतीस वर्षांत इतक्या आदरानं त्यानं कोणा इंजिनिअरची शीट उतरवली नव्हती. या माणसाच्या डोक्यात अख्खी नदी होती आणि तिच्यावर कोणाची सही नव्हती.

मग पुलांचा प्रश्न निघाला. कालव्यावर गाडीवाटांचे एकवीस पूल. भरल्या पाण्यापासून पुलाच्या पोटापर्यंत अंतर अडीच फूट.

“म्हंजे?” यमुताईनं विचारलं.

“म्हंजे पूल आला की झोपाचं.”

“अन् छप्पर?”

“छप्पर बांबूच्या तट्ट्याचं. ते आपल्याआधी झोपन.”

नत्थूजी म्हणाला, सवय करून घ्यावी, ऐन वेळेस म्हातारी माणसं गडबडतात. म्हणून तिघं खोलीत ओळीनं बसली. चंपतराव “पूल” म्हणायचा आणि तिघं सपाट. चौथ्या पुलाला शामला वाटीभर साखर मागायला दारात उभी. तीन म्हातारे जमिनीवर उताणे, डोळे छताकडं.

“काय झालं वं यमुताई?”

“काही नाही वं, पुलाखालून जाऊन राहिलो. थांब, निघू दे.”

शामला साखर न घेता परत गेली. महालात आठ दिवस हीच गोष्ट पुरली.

मुक्काम यमुताईनं ठरवले. तिनं ना मैल पाहिले, ना डोह. ती म्हणाली, तिसरा मुक्काम मंगळवारी यायला हवा, त्या गावात मंगळवारचा बाजार असतो, मिरची तिथं घेऊ. पाचवा मुक्काम घाट असेल तिथंच, बायांना आंघोळीला आडोसा लागतो, तुम्हा दोघांचं काय, तुम्ही नदीभर उघडे. सातव्या दिवशी पोटाला ताक पाहिजे, म्हणजे गवळ्याचं गाव. अशा नऊ दिवसांच्या नऊ जागा तिनं बोटांवर बसवल्या, आणि चंपतरावनं मोजून पाहिलं तर प्रत्येक टप्पा डोंग्याच्या एका दिवसाच्या चालीत अचूक बसत होता. त्यानं नऊही जागा कॅलेंडरच्या पानांवर टिपल्या.

पण सगळ्यात जास्त ती अकराव्या मैलावर भाळली होती. कालव्याच्या वाटेत नाला आडवा आला की दोनच उपाय असतात. एक तर कालव्याचं पाणी पुलावरून नाल्याच्या डोक्यावरून न्यायचं, त्याला ऑफिसात जलसेतू म्हणतात. नाही तर नाल्याच्या पोटाखालून बंद नळातून काढायचं, तो सायफन. नऊ नंबरच्या शीटवर, अकराव्या मैलाला, जलसेतू होता. चंपतरावनंच काढलेला.

“म्हंजे खाली नाला अन् वरतून आपला डोंगा?”

“हाव.”

“नाल्यात बकऱ्या असतीन तं त्या वर पाहतीन?”

“पाहतीन ना.”

ती मुलीसारखी हसली. छत्तीस वर्षांत चंपतरावनं ते हसू दोनदाच पाहिलं असेल.

नत्थूजीच्या घराण्यात एक नेम आहे. नव्या पाण्यात डोंगा सोडायच्या आधी ते पाणी एकदा काठानं अनवाणी चालून यायचं. “पान्याले पाय दाखवल्याशिवाय लाकूड दाखवाचं नाही,” म्हणायचा. म्हणून डिसेंबरात चंपतरावनं आठ दिवसांची रजा घेतली आणि तिघं एसटीनं बंधाऱ्यापर्यंत जाऊन कालव्याच्या काठानं निघाली. सोबत कालव्याचा चौकीदार बळीराम होता, नत्थूजीच्या ओळखीचा.

पहिल्या मैलाला चंपतराव उभाच राहिला. हिरवं पाणी काठोकाठ, दोन्हीकडं तुरी आणि धानाचं तणीस, आणि समोर ते पहिलं डावं वळण, जे काढताना त्याची लेखणी दोनदा भरावी लागली होती. त्यानं हातानं हवेत ते वळण ओढलं. बळीरामनं नत्थूजीकडं पाहिलं. नत्थूजी म्हणाला, “चालू दे. त्याची ओळख आहे.”

दुसऱ्या दिवशी, दहावा मैल मागं पडल्यावर, नत्थूजी एकाएकी थांबला.

“जवाई, आयकून राहिले का?”

“काय?”

“काहीच नाही. तेच म्हनतो. इथलोक पानी बोलत बोलत आलं. इथं चूप झालं.”

“जलसेतू आला असन जवळ.”

“पुलावर चढलं असतं तं बोललं असतं. हे चूप आहे. लेकरू चूप बसलं की माय काहून धावते? खाली काहीतरी करून राहिलं असते ते.”

वळण संपलं. समोर दगडी भिंत. भिंतीत दोन काळी तोंडं, जवळजवळ पूर्ण पाण्याखाली, आणि पाणी कसलाही आवाज न करता आत चाललेलं. पूल नव्हता. वर कोरडा नाला, त्यात बकऱ्या, आणि पलीकडं शे-दीडशे पावलांवर पाणी पुन्हा उकळत वर येत होतं.

नत्थूजीनं शेतातली तणसाची पेंढी उचलून पाण्यात टाकली. ती हळू गेली, मग जरा जोरानं, मग उभी झाली आणि गेली. पलीकडं निघाल्या त्या काड्या.

“परसाली म्हैस गेली होती,” बळीराम म्हणाला. “इकून म्हैस गेली.” आणि त्यानं पलीकडच्या काड्यांकडं बोट दाखवलं.

चंपतराव काठावर बसला. त्याला सगळं आठवलं. पासष्ट साल. बांधकामात बदल झाला होता आणि गठ्ठ्यात नऊ नंबरच्या दोन शीटा होत्या, एक जुनी, एक सुधारलेली. त्याच्या पुढ्यात आली ती जुनी. दोन आहेत हे त्यानं पाहिलं होतं. कोणती, हे त्यानं विचारलं नाही. विचारायचं नसतं. खाली ‘ट्रेस केले’ या चौकटीत त्यानं आपली आद्याक्षरं घातली. आणि ‘तपासले’ या चौकटीत कोणाची सही आहे, साहेब? तुम्ही त्या दुपारी अकरा शीटांवर ओळीनं सह्या केल्या, चहा निवायच्या आत. चौदा वर्षं ती शीट कपाटात आहे आणि तिच्यावर पूल आहे, जिथं मरण आहे.

यमुताई खाली नाल्याकडं पाहत होती. “मले वाटलं होतं, वरतून जाऊ,” एवढंच म्हणाली. मग पदर खोचून चालायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोंडानं मोजत. परत आली.

“एकशे चाळीस पावलं. बळीरामभाऊ, तुमची बंडी आहे ना? डोंगा इथं काढू, बंडीवर टाकू, तिथं सोडू. पुलावरून नाही गेला तं बंडीवरून जाईन. बकऱ्यांनं पाहिल्याशी मतलब.”

नत्थूजी बहिणीकडं पाहत राहिला. “यमे, तू मानूस असती तं मी तुले बांबू देला असता.”

“द्या ना. मानूस काहून पाहिजे त्याले?”

नागपूरला परतल्यावर चंपतरावनं अर्ज लिहिला. सुंदर अक्षरात, चार परिच्छेद. पहिला, नऊ दिवसांची रजा, कारण: पत्नीस बोटीने फिरवणे. तुमच्या ऑफिसात रजेसाठी लोकांच्या सासवा तीन-तीनदा मेल्या आहेत, आणि हा मूर्ख खरं लिहितो. दुसरा, कालव्यात डोंगा सोडण्याची परवानगी. तिसरा, अकराव्या मैलाला कालव्याच्या रस्त्यावर बंडी आणण्याची परवानगी. आणि चौथा: ‘शीट क्रमांक नऊवर या जागी जलसेतू दाखविला आहे. प्रत्यक्षात सायफन आहे. ट्रेस करताना चूक माझी झाली. शीट दुरुस्त व्हावी.’

चार दिवसांत तुमची हिरवी शाई आली.

हेडक्लार्क भैयाजी भला माणूस. त्यानं चंपतरावला चहाच्या टपरीवर नेलं. “चंपत, तीन परिच्छेद सोन्यासारखे आहेत गा. चौथ्यात तू आपली मान देऊन राहिला अन् संगं साहेबाची.”

“मी तं माहीच चूक लिहिली.”

“तुही चूक झाली तं तपासली कोनं? त्याचं प्रमोशन समोर आहे. चौथा काढ, नवा अर्ज दे, परवा परवानगी हातात देतो. मी बोललो आहे साहेबाशी.”

बोललो आहे साहेबाशी. हे शब्द भैयाजीचे, माझे नाहीत. त्यानं खोटं सांगितलं असेल तर तुम्ही तसं म्हणा.

संध्याकाळी चंपतरावनं घरी सगळं सांगितलं. नत्थूजी आलेला होता. डोंग्याच्या फटीत चिंध्या आणि डांबर भरून झालं होतं, तट्ट्याचं छप्पर बांधून झालं होतं, हे सांगायला तो आला होता.

“मंग परवानगीची गरजच काय?” तो म्हणाला. “बळीराम आपलाच आहे. गुपचूप निघू.”

“मी चोरून नाही जात,” चंपतराव म्हणाला. “हा कालवा मी ओढला.”

“तं मंग काढ तो चौथा.”

काढावा, असं चंपतरावच्या मनातही आलं होतं, हे लपवत नाही. बकऱ्यांच्या गोष्टीवरचं यमुताईचं ते हसू त्याच्या डोळ्यांसमोर होतं. एक परिच्छेद काय, चार ओळी. यमुताई तांदूळ निवडत होती.

“अजी, ते शीट कोन पाहते?”

“नवा इंजिनिअर आला तं पाहते. दुरुस्तीले मानसं उतरवाची असली तं पाहते.”

“अन् त्याइले पूल दिसते.”

“हाव.”

तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, “राहू द्या चौथा.”

“बोट जाईन मंग.”

“बोट नाही गेली तं मी पायी पाहून आली आहो. त्याइनं कोठं पाहिलं?”

नत्थूजीनं बिडी कानामागं खोचली. मग म्हणाला, “ते खरं आहे. कोनाचंबी खोटं सांगावं जवाई, पान्याचं नाही.”

सतरा जानेवारीला चंपतरावनं दुसरा अर्ज दिला. परिच्छेद चारच. फरक एवढाच की यावेळी चौथा पहिला आला आहे.

आज सहा फेब्रुवारी, त्याला उत्तर नाही. कालव्याचं पाणी महिनाअखेरीस बंद होतं. पुढच्या हिवाळ्यात ते पुन्हा येईल, पण नत्थूजीच्या खांद्यात पुढच्या हिवाळ्याचं बळ असेल की नाही, हे तोही सांगत नाही. डोंगा घाटावर सुलटा करून ठेवला आहे. यमुताईनं मिरची बाजारातून घ्यायची म्हणून घरी कुटलेली नाही. चंपतराव रोज साडेदहाला तुमच्या केबिनीसमोरून जातो, नमस्कार करतो, तुम्ही फाईल पाहता.

परवानगीचं नंतर बोला, साहेब. रजेचंही नंतर. जीप बाहेर काढा, नाही तर कपाट उघडा, नाही तर बळीरामला विचारा, आणि सहीनिशी एका ओळीत लिहून द्या. अकराव्या मैलाला पाणी नाल्याच्या वरून जातं की खालून?